धूर गेला कुठं?

हजेरीच्या कागदावर तीन रकाने होते. नाव, सही आणि पद. मी माझं भरून पेन परशामामांच्या हातात दिलं. त्यांनी सावकाश नाव लिहिलं, सही केली आणि तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवून तसेच थांबले. मागे रांग लागली होती. 'वॉचमन लिहा की मामा,' मी हळूच म्हणालो. मामांनी काही लिहिलं नाही. रकाना कोरा ठेवला, पेन मागच्या माणसाला दिलं आणि आत जाऊन शेवटून दुसऱ्या ओळीत बसले. बेळगावातल्या त्या हॉटेलचं सभागृह थंडगार होतं, मे महिन्यातही अंगावर काटा यावा इतकं. मामांनी खांद्यावरचा टॉवेल गळ्याभोवती गुंडाळून घेतला. बाहेर स्वागताच्या टेबलावर प्रत्येकाला एक पिशवी मिळाली होती. आत वही, पेन आणि एक चकचकीत पुस्तिका. कमी उत्सर्जनाच्या अर्थव्यवस्थेकडे देशाची वाटचाल आणि त्यात लघुउद्योगांची भूमिका, असा काहीसा दिवसभराच्या चर्चेचा विषय. आमच्या मालकांना दोन माणसं पाठवा म्हणून निरोप आला होता. एक मी, फौंड्रीत म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात हिशेब आणि खरेदी बघणारा. दुसरा माणूस ऐन वेळी तापानं पडला, म्हणून गेटवरची पाळी बदलून मामा आले.

बोलणारे सगळे अभ्यासू होते. हे मी मनापासून लिहितोय, कारण अशा सभांना जाऊन आल्यावर बोलणाऱ्यांना नावं ठेवायची आपल्याकडे सवय आहे. बंगळूरहून आलेल्या एक बाई तर विशीतिशीच्या, पण आकडा सांगताना तो कुठून आला तेही सांगायच्या. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोला भारतानं २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं, २०३० पर्यंत जीवाश्म इंधनाविना ५०० गिगावॉट वीजक्षमता उभी करायची, हे त्यांनी दोन मिनिटांत सांगून टाकलं आणि मग खऱ्या मुद्द्याला हात घातला. युरोपनं बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा मालावर कार्बनचा सीमा कर बसवलाय. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यावी लागत होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा हिशेब सुरू झाला. 'सीमा' हा शब्द उच्चारला गेला तेव्हा सभागृहातल्या आम्हा मराठी माणसांच्या माना एकदम वर झाल्या. या भागात तो शब्द कानावर पडला की माणूस आपोआप सावध होतो, मग तो कुठल्याही संदर्भात येवो.

त्यानंतर पडद्यावर दोन फोटो आले. डावीकडे जुनी फौंड्री, कपोल्याच्या म्हणजे कोकवर लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीच्या धुराड्यातून काळाभोर लोट निघालेला. उजवीकडे तीच जागा, विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी बसवल्यानंतरची. निळं आकाश, पत्रे स्वच्छ, धूर नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा माझ्या शेजारी हालचाल झाली आणि बघतो तर मामा उभे. समोरच्या बाईंना मराठी येत नाही हे त्यांनी सकाळपासून हेरलं होतं, त्यामुळे त्यांनी कानडीतच विचारलं, आमच्या इकडच्या हेलात. 'होगि एल्लि होत्रि?'

धूर गेला कुठं?

मागून कुणीतरी हसलं. बाईंनी प्रश्न नीट ऐकला, वहीत काहीतरी टिपलं, आणि उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच सूत्रसंचालकांनी घड्याळ दाखवलं. जेवणाची वेळ झाली होती, प्रश्न जेवणानंतर घेऊ म्हणाले, आणि जेवणानंतर दुसरंच सत्र सुरू झालं. मामा खाली बसले होते तेव्हा मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, लहान मुलाला गप्प बसवताना ठेवतात तसा. तो हात अजून आठवतो. पुढचे कितीतरी दिवस मी जमाखर्च लिहिताना, स्कूटर चालवताना, रात्री दिवा मालवल्यावर त्याच हातापाशी येऊन थांबत होतो. त्या दिवशी सगळ्यात सरळ प्रश्न त्यांनी विचारला होता आणि मला मात्र त्यांना खाली बसवण्याची घाई झाली होती.

परशामामा कपोल्याचे भट्टीवाले. माझे सख्खे मामा नव्हेत; आमच्या उद्यमबागेच्या कारखान्यांत वयानं मोठ्या कामगाराला मामा म्हणायची पद्धत, तेवढंच. घर मजगावात, फौंड्रीपासून चालत पंधरा मिनिटांवर. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे आठवड्यातून दोनदा भट्टी लागायची, बुधवारी आणि शनिवारी. मधले दिवस मोल्डिंगचे. ओली काळी वाळू, लाकडी पॅटर्न, ओळीनं मांडलेल्या पेट्या. भट्टीच्या दिवशी मामा पहाटे चारला यायचे. कपोल्याच्या तळाला वाळूचा थर ठोकून बसवायचा, वर लाकडं, लाकडांवर कोक, म्हणजे भाजून काढलेला दगडी कोळसा. कोक लालभडक झाला की वरच्या माळ्यावरून माणसं थर टाकायला लागायची. एक थर कोक, एक थर पिग आयर्न आणि भंगार, वर चुनखडी. पुन्हा कोक. मग ब्लोअर सुरू व्हायचा आणि अख्ख्या शेडला एक खर्जातला सूर लागायचा, तो संध्याकाळी कान सोडायचा नाही. हवेच्या नळ्यांना निळ्या काचेची बारीक झडप असते. मामा त्या काचेला डोळा लावून आत बघायचे. आत काय दिसतं म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, 'पाऊस दिसतो.' मी डोळा लावला. खरोखरच, पांढऱ्या उजेडात लोखंडाचे थेंब टपटप खाली ओघळत होते.

त्यांची खरी विद्या मात्र पुढची होती. पहारीनं मातीची बूच फोडली की लोखंड लॅडलमध्ये, ओतायच्या बादलीत, यायचं, आणि त्यातलं पळीभर मामा पाचरीच्या आकाराच्या साच्यात ओतायचे. तुकडा जरा थिजला की पाण्यात बुडवायचा, चर्रर्र आवाज, आणि हातोडीच्या एका घावात दोन तुकडे. तुटलेली कड ते उजेडाकडे धरायचे. टोकाला पांढरं, आत राखाडी. पांढऱ्याची खोली बघून त्यांना कळायचं की लोखंडात कार्बन किती उतरलाय, सिलिकॉन किती आहे, आता ओतलं तर माल मशीनवर कापला जाईल की हत्यार मोडेल. पांढरं जास्त दिसलं की 'फेरो टाक' म्हणून हाक, फेरो म्हणजे फेरोसिलिकॉन. प्रयोगशाळेचा कागद यायला दोन दिवस लागायचे आणि तो बहुतेक वेळा मामांच्या बोलण्याशी जुळायचा. ओतीव लोखंडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, त्याच्याशिवाय ते ओतीव लोखंडच नव्हे. मामांनी चाळीस वर्षं याच कार्बनवर नजर ठेवली. कार्बन कमी झाला म्हणजे माल कडक झाला, बिघडला, परत आला. त्या थंड सभागृहात दिवसभर कार्बन कमी करण्याची भाषा चालली होती, तेव्हा ते कपाळाला आठी घालून का बसले होते हे मला फार उशिरा उमगलं. तो शब्द त्यांच्याकडे आधीपासून होता, आणि त्याचा अर्थ वेगळा होता.

कपोला उतरवला त्याला आता दहाएक वर्षं झाली. शेवटच्या भट्टीच्या दिवशी मी मुद्दाम थांबलो होतो. ओतकाम संपलं की कपोल्याचा तळ उघडतात. दोन लोखंडी दारं, त्यांचा टेकू पहारीनं ओढायचा, आणि आत उरलेला निखारा, अर्धवट जळलेला कोक, चिकट स्लॅग सगळं एकदम धपकन् खाली कोसळतं. अंधारात अंगण लाल होतं. मग पाण्याचा फवारा, आणि वाफेत कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. त्या संध्याकाळी टेकू मामांनीच ओढला. त्यानंतरच्या महिन्यात इंडक्शन भट्टी चालू झाली. कपोल्यावर वर-खाली मिळून नऊ माणसं होती, नव्या भट्टीला तीन पुरली. दोघं फेटलिंगला, ओतलेला माल घासून साफ करायला, गेले, दोघांनी गावाकडं भात आणि काजू बघायला घेतलं, एक गोव्याला गेला. मामांना मालकांनी गेटवर घेतलं. मालक वाईट माणूस नाही. पगार कमी केला नाही, दिवाळीला बोनसही तोच. तरी मामा पहिल्या आठवड्यात गेटवरच्या खुर्चीवर बसले नाहीत, उभेच असायचे. बसून पगार घ्यायची सवय नव्हती.

धूर गेला याचा मला आनंदच झाला, हे मला इथं स्वच्छ लिहायचं आहे. भट्टीच्या दिवशी आजूबाजूच्या घरांतल्या बायका दोरीवरचे कपडे आत घ्यायच्या. माळ्यावर थर टाकणाऱ्यांतले दोघे पन्नाशीच्या आत खोकून खोकून थकले. मामांनाही पहाटेचा खोकला आहे, तो अजून गेला नाही. कपोल्याच्या आठवणी काढताना गळा दाटून येतो म्हणून तो परत यावा असं मी म्हणणार नाही, आणि मामाही म्हणत नाहीत.

धुराशी माझं नातं फौंड्रीच्याही आधीचं आहे. माझं बालपण जांबोटीकडचं. तिकडं पाऊस लागला की चार-चार महिने लागतो, आणि घरातली एकच जागा कोरडी असते, चुलीची. आई ओल्या लाकडांना फुंकणीनं फुंकर घालत बसलेली, डोळ्यांतून पाणी, पदराचं टोक तोंडावर. धूर आधी वर माळ्याला जाऊन लागायचा, तिथं पसरायचा आणि मग हळूहळू खाली उतरून आम्हा भावंडांच्या डोक्यापर्यंत यायचा. त्या माळ्यावर पुढच्या सालचं भाताचं बियाणं असायचं. धुरानं किडा लागत नाही. वासे, तुळया काळ्या कुळकुळीत, हात लावला तर तेलकट, पण वाळवीची काय बिशाद. पुढं गॅस आला. उज्ज्वला योजना २०१६ ची. त्याच्या दोन वर्षं आधीच आम्ही भावांनी वर्गणी काढून आईला सिलिंडर घेऊन दिला होता. तिचे डोळे वर्षभरात निवळले. दोन वर्षांनी मात्र माळ्याच्या एका वाशाला वाळवी लागली आणि बियाण्यात सोंडे झाले. आई म्हणाली, 'धूर गेला तो बरा गेला, पण त्याची कामं कुणी करायची ते सांगून गेला नाही.' तिनं तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. त्या साली तिनं बियाण्यात कडुलिंबाचा पाला घातला आणि चूल परसात नेऊन ठेवली, पाणी तापवायला. आमच्या गावात कितीतरी घरांत अशी परसातली चूल आहे. सिलिंडर संपायच्या आणि पैसे यायच्या मधल्या दिवसांत ती पुन्हा आत येते.

सभेनंतर तीनेक आठवड्यांनी आमच्या एका गिऱ्हाइकाकडून कागद आला. आम्ही पंपाच्या बॉड्या ओततो, पुण्याचा एक कारखाना त्या घेऊन पंप बनवतो, पंप युरोपात जातात. आमच्या मालाचं नाव त्या सीमा कराच्या यादीत थेट नसलं, तरी तिकडचा खरेदीदार पुण्याला विचारतो आणि पुणं आम्हाला. एक टन माल बनवताना किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, ते लिहा. कागदावर दोन मोठे रकाने होते. स्कोप एक म्हणजे तुमच्या आवारात जे जळलं ते. स्कोप दोन म्हणजे तुम्ही विकत घेतलेल्या विजेसाठी दुसरीकडं जे जळलं ते. तो कागद हातात धरून मी बराच वेळ नुसता बसलो. मामांच्या प्रश्नाचं उत्तर तिथं छापलेलं होतं. धूर एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेला.

मग मी जुन्या खतावण्या काढल्या. कपोल्याच्या काळात आम्हाला एका टनाला १३० किलोच्या आगेमागे कोक लागायचा. एक किलो कोक जळला की ढोबळमानानं तीन किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे टनाला ३९० किलो. आता आमची इंडक्शन भट्टी टनाला ६०० युनिट वीज खाते. केंद्रीय वीज प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रीडचा, म्हणजे सगळ्या वीजजाळ्याचा, उत्सर्जनाचा आकडा काढतं. तो युनिटमागे ०.७ किलोच्या किंचित वर आहे. गुणाकार केला तर ४२० च्या वर जातो. मी तो तीनदा करून बघितला. कोक बनवताना खाणीजवळ जो धूर होतो तो धरला तर पारडं पुन्हा बदलतं, आणि दहाएक वर्षांपूर्वी ग्रीडचा आकडा ०.८ च्या घरात होता, तो उतरलाय, पुढंही उतरेल. कोकचा तीन मात्र कधी उतरणार नाही. म्हणजे इंडक्शन भट्टी बसवली ते बरोबरच झालं, याबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवशी उजवीकडच्या फोटोत जे निळं आकाश होतं, त्याचं काळं टोक चौकटीच्या बाहेर होतं एवढं खरं.

ते टोक कुठं असेल? कर्नाटकात कोळशाची खाण नाही. रायचूरजवळ शक्तिनगरला कृष्णेच्या काठी १,७२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, आणि विजापूर जिल्ह्यात कुडगीला २,४०० मेगावॉटचं. दोन्हीकडं कोळसा दुसऱ्या राज्यांतून रेल्वेनं येतो. कुडगीला पाणी अलमट्टीचं, आणि अलमट्टीत आमची घटप्रभा येऊन मिसळलेली असते. मलप्रभा तर माझ्या गावाकडची, कणकुंबीला उगम पावणारी. लहानपणी आम्ही तिच्यात पाय सोडून बसायचो. ती कुडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढं शक्तिनगरवरून जाते. आमच्या पावसाचं पाणी पूर्वेला जाऊन वीज थंड करतं आणि ती वीज तारेवरून परत येऊन आमचं लोखंड वितळवते. शिवाय ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर अशी ७६५ केव्हीची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड सगळ्या देशाच्या ग्रीडला जोडलं गेलं. तेव्हापासून आमच्या भट्टीतला उजेड पावगडच्या सौर पार्कचा, गदगच्या पवनचक्क्यांचा की झारखंडच्या कोळशाचा, हे कुणालाच वेगळं करून सांगता येत नाही. आजमितीला देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-तेल-वायूविना आहे, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण क्षमता निराळी आणि रोजची वीज निराळी. रोजच्या विजेतली सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच आहे, आणि त्या कोळशामागं मामांसारखी किती माणसं असतील ते मी मोजायचा प्रयत्नही करत नाही.

आम्ही सीमाभागातली माणसं. तज्ज्ञांच्या समित्या आमच्या घरात पाहुण्यासारख्या नाहीत, घरातल्याच झाल्या आहेत. १९५६ ला राज्यं आखली गेली, १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला, आणि आमच्या वडिलांच्या पिढीनं तो पानापानावर चाळला. त्या अहवालात टक्केवारी होती, नकाशे होते, तर्क होते. कुठल्या गावच्या बाजाराला कुठलं गाव जातं, लग्नं कुठं जुळतात, हे सांगायला गेलेल्या माणसांचं म्हणणं कुठल्या रकान्यात बसलं ते आम्ही अजून शोधतोय. त्यामुळं लांबच्या सभागृहात रेघ आखली जाते तेव्हा ती शेवटी कुणाच्या परड्यातून जाणार, हा विचार आमच्या मनात आपसूक येतो. २०७० ही पण एक रेघ आहे. ती हवी, आणि लवकर हवी. गेल्या काही वर्षांत मलप्रभेचा पूर आणि मधला कोरडा जुलै आम्ही एकाच साली बघितलाय, तेव्हा ती कशासाठी हवी हे आम्हाला कुणी समजावून द्यायला नको. माझं म्हणणं इतकंच की रेघ आखणाऱ्यांच्या टेबलाशी परडं असणारा माणूस बसलेला हवा.

हे अगदीच अशक्य नाही. जर्मनीनं २०१८ साली कोळसा कधी आणि कसा सोडायचा हे ठरवायला आयोग नेमला, त्यात शास्त्रज्ञ आणि उद्योगपतींबरोबर कामगार संघटना होत्या, पर्यावरणवाले होते, खाणीच्या भागातली माणसं होती. भांडले, आणि २०१९ च्या जानेवारीत २०३८ ही शेवटची तारीख आणि त्या भागांसाठी ४,००० कोटी युरो असं ठरवून उठले. ती तारीख फार लांबची आहे अशी टीका झाली, ती मलाही पटते. पण त्याच्या महिनाभर आधी, २१ डिसेंबर २०१८ ला, बोट्रॉप गावातली त्यांची दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली तेव्हा खाणकामगारांनी कोळशाचा शेवटचा ढेकूळ स्वतःच्या हातानं राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. त्याची चित्रफीत मी बघितली. कामगारांची तोंडं काळी, आणि त्यांच्यासमोर देशाचा प्रमुख. आमच्या कपोल्याचा टेकू ओढला त्या संध्याकाळी अंगणात आम्ही दहा-बारा जण होतो, आणि वाफ.

मागच्या रविवारी आकडे लिहिलेला कागद घेऊन मी मजगावला गेलो. मामा अंगणात खाटेवर बसून शेंगा सोलत होते. मामींनी चहा टाकला. मी त्यांना दोन्ही रकाने दाखवले, रायचूर सांगितलं, कुडगी सांगितलं. 'म्हणजे गेला नाही तर,' मामा म्हणाले, 'गाव बदललं त्यानं.' मग कागद माझ्या हातातून घेतला आणि ६०० च्या आकड्यावर अंगठ्याचं नख ठेवलं. 'हे सहाशे युनिट किती वाजताचे?'

मला प्रश्न कळलाच नाही.

'अरे, त्या बाईनं पडद्यावर दाखवलं की. सूर्याची वीज सकाळी चढते, दुपारी उंटाच्या पाठीसारखी वर येते आणि संध्याकाळी बसते. मी गेटवर रात्रपाळीला असतो. आमची भट्टी अकराला चालू करूलालेत, पहाटे चारपर्यंत. तवा सूर्य कुठाय? ते सगळं कोळशाचंच की रे.' शेंगांची टरफलं त्यांनी पायानं बाजूला सारली. 'पूर्वी आपण भट्टी दिवसाच लावत होतो. दोन दिवस मोल्डिंग करायचं, तिसऱ्या दिवशी ओतायचं. मग परत तसं करा की. बुधवार, शनिवार. भर उन्हात वितळवा.'

तो वार्षिक आकडा, ज्याच्यावर मी तीन रात्री घालवल्या होत्या, तो सगळ्या तासांची सरासरी होता. दुपारी एकचा आणि रात्री दोनचा धूर त्यात एकत्र कालवलेला. त्या दिवशीच्या दीडशे माणसांत तो आलेख बघून त्याच्यावर आपल्या भट्टीची वेळ ठेवून बघणारा माणूस एकच होता, आणि मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. मी त्यांना तसं म्हणालो. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि माझ्यापुढं शेंगांची ओंजळ सरकवली.

सोमवारी मी मालकांशी बोललो. ते खुर्चीत पुढं सरकून बसले, म्हणजे गोष्ट मनात शिरली होती. अडचणीही त्यांनी तिथंच मोजल्या आणि त्या खोट्या नाहीत. इंडक्शन भट्टी अशी थंड-गरम, थंड-गरम केली तर आतलं अस्तर तडकतं आणि थंड भट्टी तापवायलाच वीज जास्त जाते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी दोनला ओतकाम करायचं म्हणजे माणसं भाजून निघतील. रात्रपाळी सुरू झाली त्याचं तेही एक कारण होतं. 'छतावर सोलर घालायचं चाललंच आहे,' मालक म्हणाले, 'पण त्यानं भट्टी चालत नाही, दिवे आणि ग्राइंडर चालतात.' थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पावसाळा उघडला की एक महिना शनिवारी दिवसा ओतून बघू, किती युनिट लागतात आणि अस्तर किती टिकतं ते परशामामांना लिहून ठेवायला सांग. मी म्हणालो, सांगतो. गिऱ्हाइकाच्या कागदावर 'शेरा' म्हणून शेवटी दोन ओळींची जागा होती, तिथं मी भट्टी रात्री चालते हे लिहिलं आणि कागद पाठवून दिला.

काल पुन्हा निरोप आला. त्याच चर्चेचा पुढचा भाग, याच शहरात, याच सभागृहात. बंगळूरच्या बाईंनी मागच्या वेळी प्रश्न राहिलेल्यांना मुद्दाम बोलवा असं कळवलंय म्हणे. दोन नावं आजच कळवायची होती, नाव आणि पद. मी गेटवर गेलो. मामा पाऊस चुकवत केबिनच्या दारात उभे होते, आतली खुर्ची रिकामी. मी कागद भिंतीला लावून त्यांचं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यापाशी थांबलो.

'काय लिहू मामा?'

'भट्टीवाला लिही.'